दहा पौंडांचे घर

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत अशी आपल्याकडे शिकवण आहे. पण ज्या घराची हकिकत आज सांगावयाची आहे, त्यात पाऊल टाकल्यावर माणसाला दुसरे काही सुचतच नाही. मान आपोआप वर जाते आणि नजर वाशांवर खिळते. डोक्यावर माडी नाही, माळा नाही, तक्तपोशी नाही; जमिनीपासून थेट छपराच्या शेंड्यापर्यंत सगळी पोकळी. आणि त्या पोकळीच्या वरच्या अंधारात ओकच्या लाकडाचे वासे, सहाशे वर्षांपूर्वीच्या आगटीच्या धुराने काळे पडलेले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ससेक्स परगण्यात, अल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. लंडनहून लुईसवरून जाणाऱ्या गाडीने बर्विक नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरायचे आणि तेथून शेतांच्या कडेने दक्षिणेकडे जायचे. दोन्ही बाजूंना साउथ डाउन्सच्या टेकड्या. आपण शाळेत फळ्यावर लिहितो तो खडू ज्या दगडाचा, त्याच पांढऱ्या दगडाच्या या टेकड्या. वर हिरवे गवत आणि नांगर लागला तेथे खालून पांढरी माती डोकावणारी. मधून ककमियर नदी वळणे घेत समुद्राकडे जाते. नदीकाठी गावाचे मोकळे गायरान, गायरानावर चौदाव्या शतकातले मोठे चर्च आणि चर्चच्या शेजारी, एखाद्या श्रीमंताच्या वाड्याबाहेर बसलेल्या म्हाताऱ्या चाकरासारखे, गवताने शाकारलेले हे घर.

१८९६ साली हे घर विकले गेले. किंमत, फक्त दहा पौंड!

दहा पौंड ही त्या काळीसुद्धा घराची किंमत नव्हती. पडक्या घराचे लाकूडफाटाच कुणी उचलून नेला असता तरी त्याहून बरे पैसे आले असते, असे कुणी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये. पण या सौद्याला इंग्लंडच्या इतिहासात एक जागा आहे. विकत घेणारी संस्था तेव्हा अवघी वर्षभराची होती. तिचे नाव नॅशनल ट्रस्ट. आज त्या संस्थेकडे राजवाड्यांपासून पाणचक्क्यांपर्यंत शेकडो जुन्या वास्तू आहेत, मैलोगणती समुद्रकिनारा आहे. पण तिने घेतलेली पहिली वास्तू म्हणजे हे कुडाच्या भिंतींचे, गवती छपराचे शेतकऱ्याचे घर. पहिला मान किल्ल्याला मिळाला नाही, प्रासादाला मिळाला नाही. यालाच कसा मिळाला, ते समजून घ्यावयाचे तर आधी घर नीट पाहिले पाहिजे.

नाव एक, घर दुसरे

या घराला 'क्लर्जी हाउस' म्हणतात, म्हणजे पाद्र्याचे घर. हे नाव त्याला पुढे चर्चच्या मालकीत गेल्यामुळे चिकटले. मूळ बांधणी मात्र कुणा पाद्र्याची नव्हे, ती एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या ऐपतीची आणि हौसेची आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडात अशी हौस करणारे शेतकरी कोठून आले, याची कथा जराशी भीषण आहे.

१३४८ च्या उन्हाळ्यात प्लेगची साथ इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली आणि १३४९ संपेपर्यंत तिने देशातल्या निदान तिसऱ्या हिश्श्याची, काही अभ्यासकांच्या मते निम्म्या लोकांची आहुती घेतली. गावेच्या गावे ओस पडली. शेते होती, नांगरणारे हात नव्हते. साहजिकच उरलेल्या हातांचा भाव वाढला. मजुरी वाढू नये म्हणून १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला, पण पोटाला मजूर लागतोच, त्यापुढे कायदा किती टिकणार? जमीनदारांनी ओस जमिनी खंडाने देऊ केल्या. ज्यांच्या अंगात धमक होती त्यांनी त्या घेतल्या, मेंढरे पाळली, लोकर विकली, आणि बापजाद्यांनी ज्या खोपटात दिवस काढले त्याच्या जागी सहाशे वर्षे टिकेल असे घर उभारले. सरदार नव्हे आणि कूळही नव्हे, असा हा मधला शेतकरी. इंग्रजीत त्याला योमन म्हणत. केंट आणि ससेक्स या दोन परगण्यांत त्याच्या हाती पैसा लौकर आला, म्हणून या जातीची घरे तेथेच सर्वांत जास्त आढळतात.

आता घराकडे समोरून पाहा. आपल्याकडे घर जसे खणांत मोजतात तसेच तेथेही मोजतात. मधले दोन खण म्हणजे 'हॉल', म्हणजे घरातली मुख्य जागा. ती खालपासून वरपर्यंत मोकळी. तिच्या दोन्ही टोकांना एकेक दुमजली भाग. या दोन्ही भागांच्या माड्या खालच्या भिंतीपेक्षा हात-दीड हात पुढे झुकलेल्या. मधला हॉल मात्र जागच्या जागी, म्हणजे माड्यांच्या मानाने मागे गेलेला. पण छप्पर तिघांवर मिळून एकच, सरळ रेषेतले. त्यामुळे दोन्ही माड्यांच्या मध्ये, हॉलच्या पुढ्यात, छपराची वळचण अधांतरी राहते. तिला खालून खांब द्यावा तर दारासमोर अडचण. मग सुताराने काय करावे? त्याने दोन्ही बाजूंच्या माड्यांच्या कोपऱ्यांतून कमानदार वाकडे टेकू काढले आणि मधल्या तुळईला हवेतल्या हवेत तोलून धरले. डोक्यावर भरलेला हारा असावा आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडा सावरलेल्या असाव्यात, असा काहीसा थाट त्या घराला येतो. वील्ड या ओकच्या अरण्यप्रदेशावरून या धाटणीला 'वील्डन' घर असे नाव पडले आहे.

माड्या पुढे का झुकवीत, याबद्दल इंग्रज पंडितांत बराच वाद आहे. कुणी म्हणतो वरची खोली मोठी व्हावी म्हणून. कुणी म्हणतो की तुळयांची टोके भिंतीबाहेर काढून त्यांवर वरच्या भिंतीचे वजन ठेवले की मधली जमीन हिंदकळत नाही. मला वाटते की दोन्ही कारणे खरी असली तरी तिसरे जास्त खरे असावे: शेजाऱ्याला दिसावे म्हणून! एवढी जाड लाकडे वापरणे मालकाला परवडत होते, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगायचा याहून सोपा उपाय नव्हता. घर पाहावे बांधून म्हणतात ते काही केवळ खर्च कळावा म्हणून नव्हे.

सुताराची करामत

या घरात गवंड्याला फारसे काम नव्हते. जोते सोडले तर सारा सुताराचा कारभार, आणि तो सुतार म्हणजे आजच्या भाषेत इंजिनियर, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार असा तिहेरी इसम होता.

आपण समजतो की चांगले बांधकाम करायचे तर लाकूड वर्षानुवर्षे मुरवावे लागते. हा सुतार ओले लाकूड वापरी. ओकचे झाड तोडले की शक्यतो त्याच हंगामात त्याला कुऱ्हाड आणि करवत लावायची, कारण एकदा का ओक वाळला की तो इतका टणक होतो की हत्याराची धार बोथट होते. ओले लाकूड लोण्यासारखे नाही, तरी शहाण्यासारखे वागते. पुढे घर उभे राहिल्यावर ते हळूहळू वाळते, आक्रसते, पिळवटते आणि आपापल्या सांध्यांना आणखी घट्ट आवळून बसते. या जुन्या घरांच्या तुळया वाकड्या, जमिनी उतरत्या आणि दारे तिरकी दिसतात ती म्हातारपणामुळे, असे पाहुण्यांना वाटते. खरे पाहता त्यातला बराचसा वाकडेपणा घराच्या बाळपणीचाच आहे. पहिल्या काही वर्षांत घराने अंग मोडून घेतले आणि मग ते जे स्थिर झाले ते आजपर्यंत.

सांधा असा: एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला त्याची खोबण. कुसू खोबणीत बसवायचे आणि आरपार भोक पाडून त्यात ओकचीच खुंटी ठोकायची. मात्र त्यात एक खुबी आहे. कुसवातले भोक आणि खोबणीचे भोक तंतोतंत समोरासमोर पाडायचे नाही; कुसवातले केसभर आत सरकवून पाडायचे. निमुळती खुंटी घणाने आत गेली की ती वाट काढताना दोन्ही लाकडांना एकमेकांकडे खेचते आणि सांधा करकचून बसतो. लोखंडी खिळ्याची गरजच नाही. आणि ही गोष्ट बरी झाली, कारण ओकमध्ये एक आम्ल असते, ते लोखंडाला खाते.

सारे घर आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवे मांडले जाई. प्रत्येक सांध्यावर तो रोमन आकड्यांनी खुणा करी. एक रेघ, दोन रेघा, फुली. चारासाठी बहुधा सरळ चार रेघाच. जुळणी नीट बसते असे पाहिले की सर्व सुटे करायचे, गाड्यांत घालायचे, जागेवर न्यायचे आणि खुणेला खूण लावून उभे करायचे. आजकाल कारखान्यात घराचे सुटे भाग बनवून ते जागेवर जोडतात आणि त्याचा मोठा गवगवा होतो. ही युक्ती तेव्हा खेड्यापाड्यांतल्या सुतारांच्या रोजच्या वापरात होती. खेड्यातल्या घरांचीच गोष्ट कशाला? १३९० च्या दशकात दुसऱ्या रिचर्ड राजासाठी वेस्टमिन्स्टर हॉलचे प्रचंड छप्पर ह्यू हर्लंड या राजसुताराने केले, तेही दूर फार्नहॅमजवळ घडवून मग लंडनला आणून चढविले. राजाचा सुतार आणि शेतकऱ्याचा सुतार एकच विद्या वापरीत होते.

आता पुन्हा वर पाहा. हॉलच्या मधोमध, दोन्ही भिंतींना बांधणारी एक जाडजूड तुळई आहे. तिच्या मध्यावर एक आखूड खांब उभा. त्या खांबाला वर चारी बाजूंनी हातांसारखे टेकू फुटले आहेत. त्यांच्या आधाराने घराच्या लांबीभर एक तुळई गेली आहे आणि समोरासमोरच्या वाशांच्या प्रत्येक जोडीला बांधणारा आडवा दांडा या तुळईवर टेकला आहे. आपल्या घराला आढे आधी आणि मग वासे. येथे आढे नाहीच! वासे नुसते शेंड्याला एकमेकांत अडकविलेले. मग ते पत्त्यांच्या रांगेसारखे एकावर एक कलंडत का नाहीत? तर ती मधली तुळई त्यांना तसे करू देत नाही. सबंध छपराचा तोल एका आखूड खांबाच्या चार हातांत आहे. हे काम सुताराने लपविलेले नाही. उलट, पाहुण्याचे लक्ष जावे म्हणून बरोबर हॉलच्या मध्यावर आणून ठेवले आहे.

लाकडी सांगाड्याच्या मधल्या रिकाम्या चौकटी भरायच्या त्या कुडाने. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या लवचीक फांद्या आणि वरून दोन्ही अंगांनी थापलेली माती, चिरलेले काड आणि शेण यांचा चिखल. वर चुन्याचा हात. कोकणातल्या माणसाला हे वर्णन वाचून तेथे जाण्याची गरज उरत नाही!

जमीन मात्र आपल्याहून निराळी. टेकडीचा खडूचा दगड कुटून, तो पसरून, धुमसाने चोपून सपाट करायचा आणि त्यावर आंबलेले दूध ओतायचे. दुधातला चिकटा खडूच्या भुकटीला धरून ठेवतो आणि वरचा थर कठीण होतो. अल्फ्रिस्टनच्या या घरात आजही अशीच जमीन आहे. नासलेल्या दुधाचा याहून चांगला उपयोग कुणाला सुचला असेल असे वाटत नाही.

धुरातला संसार

हॉलच्या मध्यभागी, जमिनीवरच, आगटी पेटलेली असे. धुराडे नव्हते. धूर वर चढे, छपरात घोटाळे आणि गवतातून, टोकांच्या लहान सवण्यांतून वाट काढीत बाहेर पडे. त्या धुरात डुकराच्या मांसाच्या फऱ्या टांगलेल्या, म्हणजे धुराचीही मजुरी वसूल. पण खाली बसलेल्यांच्या डोळ्यांचे काय होत असेल ते ज्यांनी ओल्या लाकडांची चूल फुंकली आहे त्यांनाच विचारावे. जुन्या घरांची वर्णने लिहिताना लेखकाला एक गोड सुस्ती येते आणि तो विसरतो की आगटीशी बसून भाकरी भाजणारी बाई खोकत होती.

खिडक्यांना काच नव्हती. काच श्रीमंतांची. येथे नुसते उभे लाकडी गज, आणि थंडी असह्य झाली की आतून लाकडी झडप लावायची. म्हणजे एक तर उजेड घ्या नाही तर ऊब घ्या. खिडकीला इंग्रजीत 'विंडो' म्हणतात तो शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी आणला. त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या 'गवाक्षा'त गाईचा डोळा आहे. दोन्हीकडे भिंतीला डोळाच फुटला, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

रात्री निजण्यापूर्वी आगटीवर मातीचे झाकण घालावे लागे. गवती छप्पर, एक ठिणगी उडाली तर घराची होळी. या 'विस्तव झाका'ला नॉर्मन फ्रेंच भाषेत जे म्हणत त्याचाच पुढे 'कर्फ्यू' झाला. संध्याकाळी घंटा वाजली की विस्तव झाकायचे. आज कर्फ्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंद दुकाने आणि पोलीस उभे राहतात, पण त्याचा जन्म अशा एखाद्या घराच्या आगटीवरच्या झाकणात आहे.

हॉलला एक वरचे अंग असे आणि एक खालचे. वरच्या अंगाला मालकाचे जेवणाचे मेज, त्याच्या मागच्या दाराने मालकाची खासगी खोली आणि त्यावर निजण्याची माडी. खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारे आणि त्यांच्या पलीकडे दोन लहान कोठ्या: एकीत भाकरी-पीठ, दुसरीत दारूची पिंपे. मालक, मालकीण, पोरे, गडी, सारी एकाच आगटीभोवती जेवत, पण कोण कोठे बसणार हे घराच्या बांधणीनेच ठरवून टाकलेले. आपल्या वाड्यातल्या ओटी, माजघर आणि परसदार यांनीही हेच काम केले आहे. वास्तूशी वाद घालता येत नाही.

पुढे ही तऱ्हा मोडली. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली. विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्सच्या पाद्र्याने आपल्या देशवर्णनात लिहून ठेवले आहे की गावातल्या वृद्धांना आपल्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांत एक वाटे तो धुराड्यांच्या सुळसुळाटाचा. आणि धूर गेला याचे काही लोकांना वाईटही वाटे! धुराने लाकूड पक्के होते आणि माणसाला पडसे होत नाही, असा जुना समज होता. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीची गैरसोय आरोग्यदायक वाटते, त्यातलाच हा प्रकार. धूर बाजूला गेल्यावर हॉलची उंच पोकळी फुकट जाऊ लागली. मग लोकांनी तिच्यात माळा घातला, वर खोल्या काढल्या. केंट-ससेक्समधल्या कित्येक साध्या घरांत आज कुणालाही शंका येणार नाही, पण शिडी लावून छपराच्या पोटात शिरावे आणि बॅटरीचा झोत टाकावा. वासे काजळीने काळे दिसले की ओळखावे, हे घर एके काळी मोकळ्या हॉलचे होते. घराच्या वयाचा दाखला असा वाशांवर लिहिलेला असतो. तो धुवून टाकला की गेला.

जाता जाता एक भ्रम दूर करायला हवा. इंग्लंडच्या चित्रांतली जुनी घरे पांढऱ्या भिंतींची आणि काळ्याकुळकुळीत लाकडांची दिसतात. या दक्षिणेकडच्या घरांचा तो मूळ रंग नव्हे. बाहेरचा ओक उन्हापावसाने रुपेरी राखाडी होतो. त्याला डांबर फासून काळा करण्याची हौस बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. तसेच, "ही लाकडे आरमारातल्या मोडक्या जहाजांची आहेत" असे जे गावोगाव सांगतात, तेही बहुधा थापांतच जमा करावे. अरण्य दाराशी असताना जहाज कोण मोडत बसतो?

म्हातारीचा हट्ट

घर फिरले की वासेही फिरतात. शतके गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या घराची दशा अशी होती की छप्पर खचले होते, कूड ढासळत होते, आणि चर्चला हे घर म्हणजे नसती उठाठेव वाटू लागली होती. १८८५ साली ते पाडून टाकण्यास परवानगी मिळाली. कुणाचीही त्याला हरकत नव्हती. एक सोडून.

त्या घरात एक म्हातारी भाडेकरू राहत होती. तिने विनवणी केली की मला येथेच मरू द्या, मग काय करायचे ते करा. तिचा शब्द राखला गेला. म्हातारी १८८८ साली वारली. तिला वास्तुशास्त्र कळत नव्हते आणि इतिहासाची कळकळही नसेल. तिला आपल्या कोपऱ्यातून हलायचे नव्हते, एवढेच. पण तिच्या हट्टाने घराला जी तीन वर्षे मिळाली ती मिळाली नसती, तर आज तेथे शेजारच्या चर्चची सावली पडायला मोकळी जागा असती.

कारण त्यानंतर गावात एफ. डब्ल्यू. बेनन नावाचे नवे पाद्री आले आणि त्यांना हे घर आवडले. त्यांनी ससेक्सच्या इतिहास-संशोधकांचे दार ठोठावले. तेथून गोष्ट लंडनला गेली. लंडनमध्ये तेव्हा विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ साली काढलेली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची एक मंडळी होती. सल्ला द्यायला ती तयार होती, पण घर विकत घेऊन ठेवणे तिच्या कार्यकक्षेत नव्हते. ते कुणी करायचे?

१८९५ साली तिघांनी मिळून नॅशनल ट्रस्ट काढला. एक रॉबर्ट हंटर, पोस्टखात्याचे वकील, गावांची गायराने वाचविण्यासाठी कोर्टात भांडलेले. दुसरे हार्डविक रॉन्सली, सरोवरांच्या प्रदेशातले पाद्री. आणि तिसरी ऑक्टेव्हिया हिल. ही बाई कोण, ते कळले म्हणजे या घराचा मान कळतो. १८६५ पासून ती लंडनच्या गलिच्छ वस्त्यांत काम करीत होती. जॉन रस्किनच्या पैशांनी मेरिलबोनमधल्या तीन कोंदट घरांचा ताबा तिने घेतला, दर आठवड्याला स्वतः भाडे वसूल केले आणि त्यातूनच गटारे, जिने, नळ दुरुस्त केले. गरिबाचे घर म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. राजवाड्यांना राखायला वारस असतात. खेडुताच्या घराला कोण असतो? तिने या घरासाठी पत्रे लिहिली, वर्गणीसाठी हात पसरले.

दहा पौंडांत घर मिळाले, पण दुरुस्तीला त्याच्या कित्येक पट पैसे लागणार होते, आणि नवी संस्था कफल्लक होती. हळूहळू पैसा जमत गेला. काम आल्फ्रेड पॉवेल या आर्किटेक्टकडे आले. तो मॉरिसच्या मंडळींतला, आणि त्यांचा मंत्र होता: दुरुस्ती करा, जीर्णोद्धार करू नका. हा भेद मोठा महत्त्वाचा आहे. त्या शतकात इंग्लंडमधल्या शेकडो जुन्या चर्चांना 'जीर्णोद्धारा'च्या नावाखाली खरवडून, रंगवून, कल्पनेतले मध्ययुग चिकटवून नवेकोरे करण्यात आले होते. मॉरिस म्हणे, कुजलेले तेवढे काढा, गळके तेवढे बुजवा. नवे लाकूड घातले तर ते नवे म्हणून दिसू द्या. जुन्याची नक्कल करून पुढच्या पिढीला फसवू नका. मला स्वतःला हा नियम जरा कठोर वाटत असे. पण जुन्या देवळांच्या कातीव दगडांवर ऑइलपेंटचे थर पाहिले की वाटते, मॉरिस आपल्याकडेही जन्माला यायला हरकत नव्हती.

सगळ्याच घरांच्या नशिबी अशी जागच्या जागी सुटका नसते. केंटमधले 'बेलीफ' नावाचे याच जातीचे एक घर, १४०५ ते १४३० या काळात बांधलेले, एका धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते खुंटी खुंटी काढून सोडविले आणि पश्चिम ससेक्समधल्या सिंगल्टन येथील संग्रहालयात पुन्हा उभारले. सुताराने केलेल्या रोमन आकड्यांच्या खुणा साडेपाचशे वर्षांनी दुसऱ्या सुतारांना वाचता आल्या. तेथे हॉलमध्ये आगटी पेटवितात, मेज मांडतात, आणि पाहुणे खोकत बाहेर येतात. हे सारे चांगले आहे, पण ते घर आता स्वतःच्या गावात नाही. अल्फ्रिस्टनचे घर त्याच नदीच्या काठी, त्याच चर्चच्या सावलीत, त्याच पांढऱ्या मातीवर उभे आहे.

त्याच्या हॉलच्या एका कोपऱ्यात, भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पट्टीत, ओकचे एक पान कोरलेले आहे. ते बोटभर उंचीवर नाही, चांगले वर आहे, आणि शोधल्याशिवाय दिसत नाही. सुताराला ते कोरण्याचे काही कारण नव्हते. त्याच्यावाचून छप्पर पडले नसते. नॅशनल ट्रस्टने १९३० च्या दशकात आपले बोधचिन्ह ठरविले तेव्हा ओकचीच पाने निवडली, आणि ती कल्पना या कोपऱ्यातल्या पानावरून आली असे सांगतात. आता ते चिन्ह इंग्लंडभर रस्त्यांच्या पाट्यांवर दिसते. मूळ पान मात्र अजून तेथेच आहे, धूर खाऊन काळवंडलेल्या वाशांच्या खाली.